मिरगाआधीची बेगमी

"काकू, मी खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढं एका खेड्यात राहते. वय 36. नवरा गोव्यात म्हापशाला कामाला, पंधरा दिवसांनी येतो. घरात सासू-सासरे, दोन मुलं, भाताची थोडी शेती. जाऊ शेजारीच वेगळी राहते. मी ब्लाउज शिवते. धाकट्याच्या बाळंतपणानंतर हा आजार लागला, त्याला नऊ वर्षं झाली. बेळगावच्या डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं. गोळ्या घेतल्या की चार महिन्यांत बरी होते, मग सोडते, वर्षभरात परत तेच. असं तीनदा झालं. सासूबाई म्हणतात, काम नको म्हणून सोंग करते. देवरुषी झाला, कौल लावून झाला. आता परत सकाळी उठवत नाही. परवा मुलीनं विचारलं, 'आई, तू माझ्यावर रागावलीस काय?' मला काही बोलता आलं नाही. कधी वाटतं, झोपेतून जाग आलीच नाही तर बरं. मी जन्मभर अशीच राहणार काय? आणि राहायचंच असेल तर रोजचा दिवस काढायचा कसा?"

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. वयानं तू माझ्या भाचीएवढी, म्हणून 'तू'च म्हणते.

आधी त्या एका ओळीचं बोलू. 'जाग आलीच नाही तर बरं' हे तू जाता जाता लिहिल्यासारखं लिहिलंयस. या आजारात हा विचार पुष्कळांना येतो. मलाही यायचा. तो येतो म्हणून तू वाईट आई होत नाहीस. पण तो कुणाला तरी तोंडानं सांगायला हवा, आणि आजच. नवऱ्याला फोनवर सांग, नाहीतर जावेला सांग. आपणच काही करून घ्यावं असं मनात आलं तर त्या घटकेला एकटी बसू नकोस, उठून जावेच्या दारात जा. 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासात फोनवर मदत देणारा, सरकारी नंबर आहे, 2022 च्या ऑक्टोबरपासून देशभर चालू आहे. दिवसरात्र लागतो, पैसे पडत नाहीत. भाषा निवडता येते आणि त्यात मराठी आहे. हा नंबर पाठ कर. आणि भातावर मारायची औषधं घरात असतील तर सासऱ्यांना सांगून ती कुलपात ठेवायला लाव, किल्ली त्यांच्याकडे. घरात पोरं आहेत, एवढं कारण पुरतं.

आता तुझा मोठा प्रश्न. जन्मभर अशीच राहणार काय?

अशी, म्हणजे आज आहेस तशी, नाही. पण हा आजार तुझ्याकडं परत येणाऱ्यातला आहे, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. एकदा डिप्रेशन येऊन गेलेल्यांपैकी निम्म्यांना, किंवा त्याहून जास्त जणांना, ते पुन्हा येतं. दोनदा-तीनदा येऊन गेलं की परत येण्याचा धोका आणखी वाढतो. मी बेळगावात शहापूरला राहते, मराठी शाळेत शिकवत होते, आणि माझ्या आजाराला 22 वर्षं झाली. त्यात नोकरी झाली, दोन लग्नं लावून दिली, सासूचं शेवटचं आजारपण काढलं. मधेमधे असे महिने आले की परकराची नाडी बांधायला हात उठत नसे. खाटेच्या कडेला बसलेली, नाडीची दोन टोकं दोन हातात, आणि बाहेरून शाळेची पहिली घंटा ऐकू यायची. हे सगळं एकाच बाईच्या आयुष्यात झालं.

तू लिहिलेल्यात एक गोष्ट तुला दिसलेली नाही, मला दिसली. गोळ्या घेतल्या की तू बरी होतेस. तीनदा घेतल्यास, तीनदा बरी झालीस. खूपजणांना लागू पडणारं औषध सापडायलाच वर्ष जातं, दोन-तीन औषधं बदलावी लागतात. तुला ते सापडलंय. अडचण सोडण्यात आहे. बरं वाटायला लागणं ही औषधाची अर्धी वाट. त्यानंतर साधारण सहा ते नऊ महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात, पहिल्यांदाच आजार आलेल्यालासुद्धा. तुझ्यासारखं वारंवार येत असेल तर डॉक्टर दोन वर्षं, कधी त्याहून जास्त घ्यायला सांगतात. तू चार महिन्यांत, नेमकी अर्ध्या वाटेवर उतरतेस.

का उतरतेस तेही मला माहीत आहे. 'सवय लागेल' असं कुणीतरी सांगितलेलं असतं. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते, ते खरं. डिप्रेशनच्या गोळ्यांची तशी लागत नाही, म्हणजे जास्त हवी, आणखी हवी असं होत नाही. पण एकदम बंद केल्या तर शरीर कुरकुर करतं. मी हे करून बसले आहे. भाचीच्या लग्नाआधी, आपण आता ठणठणीत, पाहुण्यांसमोर गोळ्या कशाला काढायच्या म्हणून माझ्या मनानंच बंद केल्या. हळदीच्या दिवशी मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं, चक्कर, मळमळ, डोळ्याला पाणी. मला वाटलं आजार उलटला. तो औषध तोडल्याचा त्रास होता, आजार खरा परतला तो चार महिन्यांनी. तेव्हा सोडायचीच झाली तर डॉक्टरांना विचारून, आठवड्या-आठवड्यानं कमी करत. आणि परत सुरू करशील तेव्हा पहिले दोन आठवडे फक्त मळमळ आणि सुस्ती येईल, फायदा दिसणार नाही. फायदा दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता अंदाज यायला सहा-आठ. त्या पहिल्या पंधरवड्यात पुष्कळजणी पाकीट फेकून देतात. आणि त्याच दिवसांत बेचैनी वाढली किंवा ते नको ते विचार जोर करू लागले, तर वाट बघू नको, लगेच कळव.

डॉक्टरांकडं जाशील तेव्हा थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-12 तपासायला सांग. थायरॉइड मंदावलं तरी माणूस असंच गळून जातं, आणि बायकांत ते खूप असतं.

आता दिवस कसा काढायचा. तुम्ही मलप्रभेच्या उगमाकडची माणसं, त्यामुळं हे मला तुला शिकवायला लागणार नाही, फक्त आठवण करून द्यायची आहे. मिरगाआधी तुमच्याकडं काय चालतं? जळण आत घ्यायचं, शेणी रचायच्या, कौलं परतून घ्यायची, गुरांचं गवत भरायचं, मिरचीपूड, मीठ, सुकी मासळी, कुळथाचं पीठ डब्यात. पाऊस येऊच नये म्हणून कुणी बसत नाही, आणि आला म्हणून कुणी आश्चर्य करत नाही. चार महिने तो धो धो पडणार हे धरूनच घर लावलेलं असतं. तू मात्र या आजाराच्या बाबतीत दरवेळी उघड्यावर सापडतेस. बरी झालीस की वाटतं संपलं, आता परत नाही. आणि आला की घरात जळणाची काडी नसते.

बऱ्या दिवसांत बेगमी कर. औषधाची एक पट्टी जादा, कारण तुमची एसटी पावसात कधी बंद पडेल सांगता येत नाही. पण ती जादा पट्टी तुझ्या फडताळात नको, जावेकडं ठेव, आठवड्याची आठवड्याला आण. असं का, ते तुला कळलं असेल. कुळथाचं पीठ, लसणीची चटणी, पापड यांचा एक डबा 'वाईट दिवसांचा' म्हणून वेगळा ठेव. त्या दिवसांत भात आणि पिठलं एवढंच होणार, आणि त्यावर मुलं चांगली वाढतात. मुलांचे गणवेश दोन-दोन. शिवणाच्या गिऱ्हाइकांना आतापासूनच आठ दिवस लांबची तारीख द्यायची सवय लाव, म्हणजे आजारात तारीख चुकली म्हणून कुणाचा शब्द ऐकावा लागणार नाही. डॉक्टरांच्या तारखेच्या भाड्याचे पाचशे रुपये मशीनच्या खणात, त्याला कशासाठीच हात लावायचा नाही.

आणि ढग ओळखायला शीक. प्रत्येकीचे वेगळे असतात. माझे दोन आहेत. मी फोन वाजू देते, उचलत नाही. आणि केस विंचरायचं टाळून नुसता अंबाडा वळते. सलग चार दिवस असं झालं की माझ्या सुनेला सांगून ठेवलंय, तिनं मला न विचारता डॉक्टरांची वेळ घ्यायची. तुझे ढग कुठले ते तुला आत्ता आठवणार नाहीत कदाचित. जावेला विचार. बाहेरच्याला आधी दिसतात.

सकाळचं मात्र वेगळं बोलायला हवं, कारण तू लिहिलंस 'सकाळी उठवत नाही', आणि हेच सासूबाईंना सोंग वाटतं. संध्याकाळी तू बऱ्यापैकी हसतेस-बोलतेस, भाकरी थापतेस, आणि सकाळी मढ्यासारखी पडून राहतेस, हे बघणाऱ्याला ढोंगच वाटणार. पण सकाळी जास्त आणि दिवस कलला की थोडं हलकं, ही या आजाराची नेहमीची चाल आहे. डॉक्टर मुद्दाम विचारतात ते. म्हणून सकाळी मोठं काही ठरवू नको. जन्माचा हिशेब सकाळी सहाला मांडायचा नाही, मांडला की तो चुकीचाच येतो.

उठायची वेळ मात्र एकच ठेव, झोप लागलेली असो नसो. आणि उठल्यावर पहिलं काम बाहेरचं. चूळ भर आणि अंगणाच्या कट्ट्यावर येऊन बस, चहा तिथंच. उजेड अंगावर पडू दे. माझ्या पडलेल्या दिवसांत मी एवढंच करत असे आणि त्यानंतर एक चादर घडी घालत असे. एकच. दोन महिने मी रोज एक चादर घडी घातली. आपलं मन म्हणतं, आधी बरं वाटू दे मग काम करते. या आजारात ते उलटं चालवावं लागतं, हात आधी हलवायचे, मन मागून येतं, कधी कधी तर बरंच मागून येतं. डॉक्टरांच्या पुस्तकात या उपचाराला मोठं नाव आहे, पण करायचं एवढंच. तुझ्यासाठी म्हणशील तर मशीनवर बसून सुईत दोरा ओव. बस्स. पुढं ब्लाउजची एक बाही शिवून झाली तर झाली. नाही झाली तर दोरा ओवलेला आहे, उद्याला तेवढं काम कमी.

डॉक्टरांशी बोलताना अडतं, हे तू लिहिलं नाहीस, पण मला ठाऊक आहे. आपल्या भागातल्या मराठी बायका बाजारापुरतं कानडी बोलतात, मनातलं बोलायची वेळ आली की तोंड मिटतं. आपण म्हणतो 'बेजार झालंय'. कानडीतही 'बेजारु' आहे, पण त्यात कंटाळा आला आणि वाईट वाटलं दोन्ही मावतात, ऐकणाऱ्याला वाटतं बाई कंटाळलीय. मी पहिल्या वेळी असंच 'बेजार' म्हणाले आणि टॉनिक घेऊन घरी आले. त्यापेक्षा मोजता येईल असं सांग. झोप किती वाजता तुटते, भाकरी अर्धी की पाव, आंघोळ किती दिवसांआड, रडू आठवड्यात किती वेळा, आणि ती जाग न येण्याची ओळसुद्धा. घरी मराठीत कागदावर लिहून ने. निद्दी बरूदिल्ल (झोप येत नाही), ऊटा सेरूदिल्ल (जेवण जात नाही), एवढं कानडी तुला येतंच. आजाराला कानडीत 'खिन्नते' म्हणतात, आपलाच शब्द आहे, खिन्नता. तो कागदावर दिसला तर घाबरू नको.

दर खेपेला खासगी दवाखान्याचे पैसे परवडत नसतील तर बेळगावच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे बिम्सच्या रुग्णालयात, मानसोपचाराचा विभाग आहे. धारवाडचं सरकारी मनोरुग्णालयही आहे, बेळगावहून 75 किलोमीटरच्या आसपास. ब्रिटिशांच्या काळापासूनचं आहे ते, आणि त्यामुळंच आपल्याकडं कुणाचं डोकं फिरलं असं म्हणायचं असलं की 'धारवाडला पाठवा' म्हणतात. हे ऐकत मी लहानाची मोठी झाले आणि या बोलण्यापायी मी स्वतः दोन वर्षं उपचाराला गेले नाही, याचं मला अजून दुःख होतं. तिथं बाहेरच्या विभागात नंबर लावून, तपासून घेऊन, गोळ्या घेऊन संध्याकाळी घरी येणारी माणसंच जास्त असतात. पण तुला एवढ्या लांब जायची गरज पडू नये. 2014 पासून कर्नाटकात मनोचैतन्य नावाची योजना आहे, तिच्यात मानसोपचाराचे डॉक्टर तालुक्याच्या रुग्णालयात मंगळवारी येतात. खानापुरात सध्या कुठल्या मंगळवारी बसतात, ते तुमच्या आशाताईंना विचारून जा.

मंगळवारावरून सासूबाई. देवीचा वार आहे, त्यांना गाऱ्हाणं घालायचं असेल तर घालू दे. तू त्यांच्याशी देवावरून भांडू नको, त्यात तुझी शक्ती जाईल आणि आत्ता ती फार थोडी आहे. फक्त दोन गोष्टींना ठाम नाही म्हण. देवरुष्याच्या सांगण्यावरून गोळी बंद करायची नाही, आणि त्याला द्यायला दागिना मोडायचा नाही. सकाळी देवीला नारळ, नंतर खानापूरची बस, असा मंगळवार होऊ शकतो. जमलं तर सासूबाईंनाच बरोबर ने. त्यांनी भातलावणीत कमरेत वाकून जन्म काढला, दुखलं तरी उठल्या, म्हणून न उठणारी बाई त्यांना समजत नाही. त्यांच्या मनात दुष्टावा असेलच असं मला वाटत नाही. नऊ वर्षांत कुणी डॉक्टरनं त्यांना समोर बसवून हा आजार सांगितलाय काय? माझ्या सासूला माझ्या डॉक्टरांनी दहा मिनिटं सांगितलं होतं. घरी आल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या खाटेजवळ पेजेची वाटी झाकून ठेवलेली होती.

नवऱ्यालाही काम लावून दे. पंधरा दिवसांनी येतो तो सामान आणि मासळी घेऊन येतो, आणि तू कशी आहेस विचारतो, तू 'बरं आहे' म्हणतेस. असंच ना? त्याऐवजी रोज रात्री ठरल्या वेळी त्यानं फोन करायचा आणि एकच विचारायचं, गोळी घेतलीस काय. लांब असलेल्या माणसाला काय करावं कळत नाही, नेमकं काम दिलं की तो ते करतो. आणि तो संध्याकाळी घेत असेल आणि कधी तुलाही 'घोटभर घे, झोप लागेल' म्हणाला असेल, तर ते नको. दारूनं झोप तुटते आणि हा आजार वाढतो.

राहिली तुझी मुलगी. तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त तीच दिसत राहिली. पोरं आईच्या गप्प राहण्याचा अर्थ लावतातच, आणि तो नेहमी आपल्यावर घेतात. माझा मुलगा आठ वर्षांचा असताना माझ्या खाटेजवळ आपली गणिताची वही ठेवून जायचा, सगळी बरोबर आलेली पानं वर करून. त्याला वाटत होतं, त्याच्या चुकांमुळं मी झोपून आहे. हे त्यानं मला पंचविशीत सांगितलं. तोवर मी त्या वह्या नुसत्या उचलून बाजूला ठेवत आले होते.

तेव्हा तिचा प्रश्न परत येईल म्हणून थांबू नको, आपणहून सांग. सकाळी नको, संध्याकाळी, तुला जरा हलकं असताना, तिची वेणी घालताना. समोरासमोर बसून सांगण्यापेक्षा पाठीमागून सोपं जातं. म्हण, "मला मनाचा आजार आहे. त्यात सकाळी अंगात बळ नसतं आणि बोलवत नाही. तो तुझ्यामुळं झालेला नाही. मी औषध घेते. मी तुझ्यावर रागावलेली नाही." एवढंच. ती बहुतेक काहीतरी भलतंच विचारेल, रिबीन लाल लाव म्हणेल. लावून दे.

सांगून झालं की मला कळव, ती काय म्हणाली.